उजवा कौल

चैत्रातल्या सोमवारी गीताबाई तळ्यात उतरली तेव्हा पाण्यापाशी पोचायला तिला नव्वद पावलं चिखल तुडवावा लागला. पावलं मोजायची म्हणून तिनं मोजली नव्हती. एका पावलाला एक नाम, असा जप करत चालायची तिची जुनी रीत होती. पूर्वी काठावरून वाकलं की कळशी भरायची आणि जप होता होता राहायचा. आता जप भरपूर व्हायचा, पाणी नव्हतं.

तळ्याच्या मधोमध बायकांनी खोदलेला डवरा होता. हातभर खोल, परातीएवढ्या तोंडाचा. त्यात रात्रभर झिरपून पाणी जमायचं आणि जी आधी येईल तिला ते जरा निवळ मिळायचं. गीताबाई सगळ्यांच्या आधी यायची, कारण तिचा नेम होता. लग्न होऊन आंबखांड्यात आली त्या श्रावणात तिनं तो धरला होता. रोज सूर्य वर यायच्या आत तळ्याची एक कळशी नेऊन गावदेवीला न्हाऊ घालायचं, आणि तोवर आपल्या तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. बाळंतपणात आणि अडचणीच्या दिवसांत तिचा नवरा कोंडू ती कळशी न्यायचा. देवीचं पुजारपण त्यांच्याच घरात होतं. कोंडू जाऊन पाच वर्षं झाली. मुलगा अनिल पहाटेच आटगावला गाडी धरायला पळायचा, सूनबाई नम्रताला लेकराचं करायचं, म्हणून पूजा गीताबाईकडंच राहिली. बाईमाणसानं गाभाऱ्यात बसावं का, म्हणून चार दिवस गावात कुजबुज झाली आणि दुसरं कुणी रोज उठायला तयार होईना तशी ती बंद पडली.

तिनं नारळाच्या करवंटीनं पाणी भरायला घेतलं. पाणी तांबूस होतं. देवीच्या अंगावरून ते ओघळलं की शेंदरात मिसळून जायचं आणि दिसायचं नाही, तेवढंच बरं.

"सगला उपसू नको गो बाय, आमाला ठेव थोडा," मागून आवाज आला. शकू होती, तिच्या चुलत दिराची, दामूची बायको. डोक्यावर हंडा, हातात चपला.

"तुझ्यासाठीच ठेवलाय. नीट बघ, बेडूक पन ठेवलाय."

"बेडकाला तरी कशाला ऱ्हायचा असंल हितं? त्यानी पन शहापुरात खोली घेतली पायजे." शकू हसली आणि डवऱ्याच्या कडेला टेकली. मग हसू ओसरल्यावर म्हणाली, "उद्या कौल हाय ना?"

"हाय."

"आमच्यांनी आज सकाळपास्नं च्या पन नाय घेतला. मंगळवार उद्या, नी उपास आजपास्नं. मी म्हनलं, अवो देवी काय घड्याळ लावून बसलीय? तर माझ्यावरच डोळं काढतात." तिनं पाण्याकडं पाहिलं. "तू सांग गो देवीला. म्हनावं, दामू मागल्या खेपंला तुझ्या शब्दाबाहेर गेला नाय. त्याला असं का वाळत घातलंस?"

गीताबाईनं कळशी डोक्यावर घेतली आणि "सांगते," म्हणाली. परतीच्या नव्वद पावलांत तिला एकही नाम आठवलं नाही.

*

मागली खेप म्हणजे नऊ वर्षांपूर्वीची.

तळ्याच्या वरच्या अंगाला गावाचा माळ होता. सातबाऱ्यावर त्याला वरकस म्हणत. भात होत नाही, नाचणी कुठं कुठं, बाकी नुसतं गवत. पाऊस संपता संपता ते कमरेइतकं व्हायचं, दिवाळीनंतर कापून त्याचे भारे कल्याणच्या तबेल्यांना जायचे, आणि फाल्गुनात उरलेल्या मुळ्यांवर गुरं फिरायची. कुणाला माळाचा अभिमान नव्हता. कुणी मुलगी बघायला आलं तर सापगावपर्यंत रस्त्यानं भातखाचरं दाखवत न्यायचे. माळाकडं बोटसुद्धा करत नसत.

ठाण्याच्या एका शेठनं तो माळ मागितला तेव्हा लोकांनी आधी एकच गोष्ट विचारली. तळ्याला हात लावणार का? शेठ म्हणाला, देवाशपथ नाही. लोकांनी ते कागदावर लिहून घेतलं. तळ्यातला गाळ काढायचा नाही, मासे धरायचे नाहीत, काठावर कुंपण घालायचं नाही. शेठनं सगळं कबूल केलं, वर स्वतःहून म्हणाला की मी तळ्याला दगडी पायऱ्या बांधून देतो. आणि देवीला पक्कं देऊळ.

तरीही दामू तयार नव्हता. का ते त्याला सांगता येत नव्हतं. "आपल्या म्हाताऱ्यांनी ठेवला तो काय येडी व्हती म्हनून?" एवढंच म्हणायचा. माळाच्या उताऱ्यावर अकरा जणांची नावं होती आणि दामूचं नाव वरून तिसरं. तो अडला की सगळं अडत होतं. मग ठरलं, सामाईक जमिनीचं कधी कुणी आपल्या अकलेनं केलं नाही, देवीला कौल लावू.

आंबखांड्याची देवी म्हणजे शेंदूर लावलेला एक मोठा तांदळा, न घडवलेला दगड. तिच्या उजव्या आणि डाव्या खांद्याला चाफ्याची एकेक पाकळी पाण्यानं चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग त्यावर कुणी बोलायचं नाही. गाऱ्हाणं कोंडू घालायचा. पाकळ्या भिजवून त्याच्या हातात द्यायचं काम गीताबाईचं.

त्या दिवशी सकाळी ती देवळात आधी गेली. देऊळ कसलं, चार खांबांवर पत्रे होते आणि पत्र्यांना भोकं. आदल्या पावसाळ्यात ती स्वतः देवीच्या डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरून उभी राहिली होती. आपल्या घरावर स्लॅब आणि आई भिजतेय, हे तिला अन्नाच्या घासागणिक आठवायचं. एक माणूस देऊळ बांधून देतो म्हणतोय आणि एका दिराच्या हट्टापायी ते राहणार. तिनं चंदन उगाळलं. देवीला लावून उरलेलं गंध एका वाटीतल्या पाण्यात कालवलं. दुसऱ्या वाटीत साधं पाणी ठेवलं. रोज देवीला फुलं लावणाऱ्या हाताला ठाऊक असतं, गंधाच्या पाण्यात भिजलेली पाकळी अर्धा दिवस हलत नाही.

डाव्या खांद्यासाठी तिनं गंधाच्या वाटीतली पाकळी दिली. उजव्यासाठी साध्या पाण्यातली. कोंडूला काही कळलं नाही. कधीच कळलं नाही.

उजवी पाकळी पडली. घंटा वाजली. दामूनं देवीपुढं डोकं टेकलं आणि म्हणाला, "आई, तुझी मर्जी असंल तर माझी काय टाप?" दुसऱ्या आठवड्यात त्यानं सही केली.

माळ सपाट झाला. वरचा मुरूम कुठल्या कुठल्या रस्त्यांना गेला. बंगले उठले, त्यांना भिंती, भिंतींमध्ये सिमेंटचे रस्ते, रस्त्यांच्या कडेनं गटारं. प्रत्येक बंगल्याला बोअर. फाट्यावर बोर्ड लागला, "तळ्याकाठी तुमचं घर". देवीला संगमरवरी फरशीचं देऊळ झालं, तळ्याला पायऱ्या झाल्या. शेठ शब्दाचा पक्का निघाला. तळ्याला कुणी हातच लावला नाही.

पण पहिल्याच पावसाळ्यात तळ्यात लाल पाणी आलं. पूर्वी पाऊस पडला तरी दोन दिवस तळ्याला पत्ता नसायचा. माळ ते पाणी आधी स्वतः पिऊन घ्यायचा आणि मग तळ्याच्या वरच्या काठाला, दगडांच्या फटींतून, वैशाखापर्यंत बोटाएवढ्या धारांनी सोडत बसायचा. आता पाऊस पडला की गटारांतून तासाभरात सगळा लोंढा खाली यायचा, माती टाकायचा आणि सांडव्यावरून निघून जायचा. तळं श्रावणात काठोकाठ आणि पौषात पायऱ्या उघड्या. तिसऱ्या वर्षी धारा आटल्या. पाचव्या वर्षी तळ्याखालच्या विहिरी. भात काढल्यावर ओलीवर जो वाल व्हायचा, तो आता पेरला तरी वीतभर वाढून पिवळा पडायचा. दामूचा वाल मुरबाडच्या बाजारात नावानं विकला जायचा. दोन वर्षं झाली, त्यानं पेरणंच सोडलं.

तळ्याला आता एकच ओघळ जिवंत उरला होता, भोकरीच्या दऱ्याचा. माळाच्या टोकाला झाडीचा एक दरा होता, तोही त्याच अकरा जणांचा, पण मागच्या व्यवहारात आला नव्हता. डवऱ्यात जे झिरपायचं ते त्याचं. आणि आता शेठला तो हवा होता.

*

सोमवारी दुपारी ओमकार आला. गावातल्या थोरल्या राघोचा हा मुलगा. अंगात पांढरा शर्ट, हातात दोन फोन. शेठचं गावातलं काम तो बघायचा. पण वाईट पोर नव्हता. कोंडूला शेवटी दवाखान्यात न्यायला त्याचीच गाडी आली होती.

"काकी, पाया पडतो." तो ओटीवर बसला. "उद्याचा टाइम नवाचा धरलाय. चालंल ना?"

"देवीला कदीपन चालतं. तुमाला उठायला जमलं पायजे."

तो हसला. "शेठ म्हनत व्हते, देवळाफुडं सभामंडप पायजे. नवरात्रात बायका उन्हात बसतात. वर फॅन, खाली लादी."

"बायका बसतात उन्हात. कदी कुनी मेली नाय."

"तसं नाय काकी. आपन बघा, देवीचं झालं तर गावाचं झालं." तो जरा घुटमळला. "दामूकाका मागल्यासारखा अडनार. पन देवीनी सांगितलं तर तो ऐकतो. तेवडं बरं हाय त्याचं."

तिनं त्याच्याकडं निरखून पाहिलं. त्याला काही ठाऊक नव्हतं. तो नुसता बोलत होता, सभामंडपाचं, फॅनचं, आणि नऊ वर्षांपूर्वी तिच्याच मनात होतं ते सगळं जसंच्या तसं त्याच्या तोंडून येत होतं. नम्रतानं चहा आणला. तो पिऊन तो गेला.

मग ती बराच वेळ पोथी उघडून बसली, पान उलटलं नाही. एक गोष्ट मात्र तिच्या मनात हळूहळू पक्की होत गेली. उद्या पाकळ्या तिच्याच हातात होत्या. भिजवायच्याही तिनं, लावायच्याही तिनं. एकदा उजव्याचं पाप केलं, तर एकदा डाव्याचं पुण्य का नाही? गंधाची वाटी यावेळी उजव्या पाकळीला. डावी पडेल, दरा राहील, तळ्याला तेवढा ओघळ राहील. आणि कुणाला कधी कळायचं नाही.

दिवेलागणीला दामू आला. दाराशीच उभा राहिला, आत बोलावलं तरी येईना. दिवसभराच्या उपासानं त्याचा चेहरा आणखी लहान झाला होता.

"वैनी, उद्या दऱ्याच्या आदी माझं येक गाऱ्हानं घालशील?"

"कसलं, भावजी?"

"नऊ वरीस मनात हाय." त्यानं टोपी काढून हातात घेतली. "माळ द्यायच्या आदी मी माळावरची भोकर तोडली. जुनी व्हती. म्हनलं, जातीच हाय तर लाकूड तरी येऊ दे. तिच्या बुडाशी आपली म्हातारी पान्याच्या आसरांना नारळ ठेवायची. मी ते इसरलो नव्हतो गो, ध्यानात असून तोडली. आता तू बग. देवीनी माळ द्यायला सांगितला, तिचा शब्द कसा वाकडा जाईल? मंग तळं आटलं ते कशापाई? माझ्यापाई. दुसरं काय कारन गावतच नाय मला."

गीताबाईच्या हातातली वात तेलात बुडून गेली.

"येवडा वाल वाळला गावाचा. बायका चिखलातनं हंडं नेतात. शकू जाते पानी आनाया, नी मी तिच्याकडं बघू शकत नाय. मंगळवार धरले, तमाखू सोडली. कायपन फरक नाय. उद्या सरळ इचार तिला, दामूच्या हातून झालं का हे? व्हय म्हनाली तर काय करायचं ते पन सांगंल."

"तुमी काय केलं नाय, भावजी," ती म्हणाली.

"ते तू नको सांगू. ती सांगंल." आणि तो गेला.

*

मंगळवारी नऊला संगमरवरावर पन्नासेक माणसं बसली होती. राघो पुढं, त्याच्या मागं ओमकार, खांबाशी बायका. गीताबाई गाभाऱ्यात दोन वाट्या घेऊन बसली. एकीत साधं पाणी, दुसरीत गंधाचं. कोवळ्या चाफ्याच्या चार पाकळ्या ताटात.

दामूच्या गाऱ्हाण्याला गंधाची वाटी लागणार नव्हती, हे तिनं पहाटेच ठरवलं होतं. ते देवीवर सोडायचं. त्याच्यात लबाडी नको. आई सगळं जाणते; दामू निर्दोष आहे हे तिच्याएवढं कुणाला ठाऊक? दोन्ही पाकळ्या साध्या पाण्यात भिजवू, डावी आपोआप पडेल, दामू मोकळा होईल. आणि मग दऱ्याच्या कौलाला आपण आपलं काम करू. देवीचं देवीनं, आपलं आपण.

तिनं दोन पाकळ्या साध्या पाण्यात बुडवल्या आणि देवीच्या खांद्यांना लावल्या.

"आई, दामूचं गाऱ्हानं हाय," ती म्हणाली. "तळं आटलं ते त्याच्या हातून झालेल्या पापानी, असं असंल तर उजवा दे. नसंल तर डावा दे."

बाहेर कुठंतरी बंगल्यातला पंप सुरू झाल्याचं ऐकू येत होतं. दामू हात जोडून, डोळे मिटून बसला होता. शकूनं पदर तोंडाशी धरला होता.

उजवी पाकळी पडली.

लगेच पडली, जणू कुणी बोटानं काढली. डावी तशीच चिकटून होती.

दामूनं डोळे उघडले, पाकळी पाहिली, आणि गीताबाईला वाटलं होतं तसा तो रडला नाही. उलट सुटल्यासारखा श्वास सोडून त्यानं फरशीवर डोकं टेकलं. "बरं झालं आई, सांगितलंस," तो म्हणाला. "आता काय करू ते पन सांग. म्हनशील ते करीन." मागून शकूचा हुंदका आला. एका बाईनं, धोंडीबाईनं, जरा मोठ्यानंच म्हटलं, "बगा, आमी बोललो व्हतो ना, भोकर तोडायची नव्हती म्हनून."

गीताबाई देवीकडं पाहत राहिली. शेंदराच्या त्या दगडाला तिनं चाळीस वर्षं न्हाऊ घातलं होतं. आई, हे काय केलंस? याला काय ठाऊक? तू याच्या माथी मारतेस ते माझं आहे. आणि मग तिच्या लक्षात आलं की देवीनं तिला दुसरी वाटच ठेवली नव्हती. की नुसतीच एक पाकळी पडली होती, कमी भिजलेली? तिला ते कधीच कळणार नव्हतं.

"दामूभावजी, उठा," ती म्हणाली. "ते तुमचं नाय. माझं हाय."

मग तिनं सांगितलं. गंधाची वाटी उचलून दाखवली. माळाच्या वेळी डाव्या पाकळीला कुठलं पाणी लावलं, का लावलं, पत्र्यातून देवी भिजत होती तेही. कोंडूला काही ठाऊक नव्हतं हे दोनदा सांगितलं. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, मागच्यांना ऐकू जाईना, म्हणून पुढचे मागच्यांना सांगत गेले आणि कुजबुज भिंतीपर्यंत जाऊन परत आली.

राघो पहिला बोलला. "म्हंजे देवीनी माळ द्यायला सांगितलाच नव्हता?"

"तिला कुनी इचारलंच नव्हतं, राघोदादा. मीच इचारलं नी मीच सांगितलं."

"नी आज? आज कशावरून?" कुणीतरी विचारलं. "ही पाकळी तरी खरी का?"

"ही खरी हाय."

"ते आता आमी कसं मानायचं?"

आजची दुसरी वाटी कशासाठी होती तेही तिनं सांगून टाकलं, कारण ती तिच्या हातातच होती आणि सगळे तिच्याकडं बघत होते. मग गलका झाला. बायका उठल्या. शकू तिच्याकडं आली नाही, नवऱ्यापाशी गेली आणि त्याच्या खांद्याला धरून त्याला उठवू लागली.

त्या गलक्यात ओमकार उभा राहिला. ओरडला नाही, शांतपणं बोलला. "काकी, तुमी सांगितलं ते चांगलं केलंत. पन मंग आता सरळ हाय. कौल लावनारा हातच असा असंल तर कौलाला बसायचं कशाला? ज्याचा त्याचा हिस्सा, ज्याची त्याची मर्जी. ज्याला द्यायचाय त्यानी द्या, नाय त्यानी नका देऊ."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. देवीचा शब्द होता तोवर दऱ्याला सगळ्यांनी मिळून हो म्हणायचं होतं किंवा मिळून नाही. आता प्रत्येकजण आपापल्या घरी जाऊन, दार लावून, बायकोला विचारून ठरवू शकत होता.

आणि तसंच झालं. पहिली सही राघोची. आठवड्याभरात किन्हवलीच्या एका दुकानात बसून सगळ्यांच्या सह्या झाल्या, दामूची सोडून. वाटणीची मोजणी झाली. दामूच्या वाट्याला दऱ्याचा माथा आला, दीड-दोन एकर, आणि ओघळ जिथून सुरू होत होता ते तोंड राघोच्या वाट्यात गेलं.

गीताबाईनं गाभारा सोडला. तिला कुणी सोडायला सांगितलं नव्हतं. नम्रता आता देवीला न्हाऊ घालते, नळाच्या पाण्यानं, कारण आठवड्यातून दोनदा येणाऱ्या टँकरच्या टाकीला देवळाजवळच नळ बसवलाय. गीताबाई बाहेर पायरीवर बसते. काहीजणी बोलतात, काहीजणी वाट बदलतात.

*

वैशाखात दऱ्यात यंत्र आलं. गीताबाई एका सकाळी वर गेली. का गेली ते तिला सांगता आलं नसतं. बघायला म्हणून नव्हे, पण न बघता राहणंही बरं वाटत नव्हतं. यंत्र खालच्या तोंडाशी दगड काढत होतं. काढलेल्या खड्ड्यात थोडं पाणी आलं होतं, मातीचं, आणि ते उताराकडं जायच्या आधीच मुरूम टाकून बुजवत होते.

दामू आपल्या हद्दीच्या दगडावर बसला होता. कौलाच्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नव्हता. ती चार हातांवर थांबली. त्यानं सरकून जागा केली नाही आणि उठूनही गेला नाही.

मग तो म्हणाला, "शकू म्हनते, तिनी तुमच्यावरचं मळभ काढलं, म्हनून तरी तिच्याशी बोला."

गीताबाई होती तिथंच खाली बसली.

"वैनी, येक इचारू? ती दुसरी वाटी. ती तू उजव्या पाकळीला लावनार व्हतीस ना?"

"व्हय."

"म्हंजे डावी पडली असती."

"पडली असती."

"नी दरा ऱ्हायला असता."

यंत्राचा दात दगडावर घासल्याचा आवाज झाला. ती म्हणाली, "ऱ्हायला असता. देवीच्या शब्दाला सगळी बांधली व्हती, राघोदादासुदीक."

"नी मी?"

"तुमी जल्मभर सोताला पापी म्हनत बसला असता, भावजी. ते मला बघवलं नाय."

दामू खालच्या तळ्याकडं पाहत होता. तिथून ते एखाद्या वाळत घातलेल्या गोधडीसारखं दिसत होतं, मध्ये डवऱ्याचा काळा ठिपका आणि त्याच्याभोवती चार बायका.

"बसलो असतो गो," तो म्हणाला. "माझं काय? अजून धा-पंदरा वर्सं. मी पापी ऱ्हायलो असतो तरी चाललं असतं."